नक्कल आणि सजदा : 'संत तुकाराम', शेख फत्तेलाल आणि शरियतमधला एक जुना प्रश्न (धागा)

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे आणि लोणी काळभोर मागे टाकून दौंड तालुक्यात शिरते. एक मुक्काम यवतला, दुसरा वरवंडला. मग वाट बारामतीकडे वळते. या वाटेवरच्या घरांत, दुकानांत, ट्रकच्या काचांवर तुकोबांचे जे चित्र दिसते, त्यातला चेहरा पुष्कळदा एका नटाचा असतो, निदान त्या नटाच्या छायेत रंगवलेला असतो. नटाचे नाव विष्णुपंत पागनीस. चित्रपट 'संत तुकाराम', निर्मिती पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीची, प्रदर्शन १२ डिसेंबर १९३६.

मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दोघे होते : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दुसऱ्या नावापाशी क्षणभर थांबावे. विठ्ठलाचे देऊळ, त्यातली मूर्ती, भजनाचा गजर आणि शेवटी वैकुंठाला निघालेले विमान हे सारे पडद्यावर उभे करणाऱ्या दोघांपैकी एक जण मुसलमान होता.

ही गोष्ट सांगितली की बहुतेक वेळा दोनांपैकी एक प्रतिक्रिया येते. पहिली कौतुकाची : पाहा, केवढा हा सलोखा! दुसरी संशयाची : पण मग इस्लामला हे चालते का? पहिल्या प्रतिक्रियेत वावगे काही नाही, मात्र तिथे विचार थांबतो. दुसरीत एक खरा प्रश्न दडलेला आहे. परधर्माची पूजा कथेत, चित्रात, नाटकात किंवा पडद्यावर दाखवणे, करून दाखवणे आणि पाहणे यांविषयी इस्लामी धर्मशास्त्र नेमके काय म्हणते? या प्रश्नावर हजार वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे, आणि त्याची उत्तरे वाटतात तेवढी एकसुरी नाहीत. हा धागा त्या वादाचा आहे. थोडा लांब आहे.

आधी माणूस पाहू. फत्तेलाल कोल्हापूर संस्थानाजवळच्या कागलचे. जन्म १८८६. सहकाऱ्यांत ते 'साहेबमामा' म्हणून ओळखले जात. हातात चित्रकला आणि कारागिरी दोन्ही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांची आणि दामल्यांची जोडी जमली, ती कायमची. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभातची स्थापना केली; १९३३ साली कंपनी पुण्यास आली. 'अयोध्येचा राजा', 'गोपाल कृष्ण', 'संत ज्ञानेश्वर', 'संत सखू' या चित्रपटांमागे कलादिग्दर्शक किंवा दिग्दर्शक म्हणून फत्तेलाल उभे आहेत. म्हणजे 'संत तुकाराम' हा अपवाद नव्हता. मराठी पडद्यावरील देवळे, दिंड्या आणि देवदर्शने यांचा फार मोठा भाग या एका माणसाच्या नजरेतून घडला.

आता शास्त्राकडे. पहिली पायरी चित्राची आहे, आणि तिचा पूजेशी वरवर पाहता संबंध नाही. सजीवांचे चित्र काढणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत. पण त्याच संग्रहांत एक बारीकशी घटना येते. पैगंबरांची पत्नी आयेशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला. पैगंबरांना तो रुचला नाही. तेव्हा आयेशांनी तो फाडून त्याच्या उशा शिवल्या. टांगलेले चित्र नको, टेकायच्या उशीवरचे चालले, असा अर्थ अनेक शास्त्र्यांनी यातून काढला. आयेशांच्या बाहुल्यांत पंखांचा घोडा होता आणि तो पाहून पैगंबर हसले, अशीही एक हदीस आहे. चित्र कुठे आहे, ते आदराने उंचावले आहे की वापरात तुडवले जाते आहे, त्याला सावली पडते की नाही, असे प्रश्न पुढील शतकांत विचारले गेले. मालिकी पंथाच्या शास्त्र्यांचा मुख्य रोख सावली पडणाऱ्या पूर्ण मूर्तींवर राहिला. सपाट चित्राबाबत ते तुलनेने सौम्य. हनफी बहुधा अधिक कठोर. महाराष्ट्रातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई. म्हणून हा भेद इथेही लागू पडतो.

छायाचित्र आल्यावर वाद नव्याने पेटला. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी युक्तिवाद केला की छायाचित्रात माणूस काही घडवत नाही, तो केवळ पडलेली सावली धरून ठेवतो. म्हणून ते निषिद्ध चित्रांत मोडत नाही. हिंदुस्थानात देवबंदी परंपरेतील मुफ्ती मुहम्मद शफी यांनी याउलट मत मांडले : साधन बदलले म्हणून कृत्य बदलत नाही. सिनेमाच्या बाबतीत आजही हे दोन प्रवाह समोरासमोर उभे दिसतात.

जाता जाता एक खुलासा. मराठी वर्तमानपत्रांत 'फतवा काढला' याचा अर्थ 'हुकूम सोडला' असा होतो. शास्त्रात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने दिलेले मत. एकाच प्रश्नावर दोन मुफ्तींची दोन मते असू शकतात, आणि असतात.

दुसरी पायरी अधिक रंजक आहे. समजा चित्र चालले. पण त्या चित्रात, त्या कथेत मूर्तिपूजा दाखवली असेल तर? इथे शास्त्र्यांच्या हाती एक जुने सूत्र होते, जे हिंदुस्थानात फारसीतून म्हणीसारखे रुळले : नक़्ल-ए-कुफ़्र कुफ़्र न बाशद. कुफ्र म्हणजे नास्तिक्य, ईश्वराचा नकार. कुफ्राची नक्कल करणे म्हणजे कुफ्र करणे नव्हे.

यातला 'नक़्ल' हा अरबी शब्द मराठीत 'नक्कल' होऊन आला. आपण तो दोन अर्थांनी वापरतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणतो, आणि वर्गातला वात्रट मुलगा मास्तरांची नक्कल करतो. पहिल्या नकलेत जसेच्या तसे उतरवून घेणे आहे. दुसरीत अंगाने, आवाजाने दुसरा माणूस होणे आहे. परधर्माच्या पूजेच्या चित्रणाविषयी इस्लामी शास्त्रात जो वाद आहे, तो जवळपास सगळा या दोन नकलांच्या मधल्या फटीत घडतो. पहिल्या नकलेला शास्त्राने सहज मुभा दिली. दुसरीपाशी ते अडखळले.

पहिल्या नकलेला मुभा का, तर कुराणातच ती आहे. इब्राहीमच्या लोकांच्या मूर्ती आणि त्यांचा भंग, मूसाच्या गैरहजेरीत घडवलेले सोन्याचे वासरू, नूहच्या काळातल्या पाच दैवतांची नावेसुद्धा (सूरा ७१, आयत २३) कुराणात येतात. मूर्तिपूजकांचे बोलणे तिथे त्यांच्याच तोंडून ऐकू येते. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या इब्न अल-कलबीने तर इस्लामपूर्व अरबांच्या मूर्तींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १०३० च्या सुमारास अल-बिरूनीने हिंदूंवरील आपल्या ग्रंथात मूर्ती कशा घडवतात याचे तपशील दिले, आणि प्रस्तावनेतच बजावले की हा खंडनाचा ग्रंथ नाही. हिंदू जे म्हणतात ते इथे तसेच मांडले आहे.

हे सूत्र कसोटीला लागले अकबराच्या दरबारात. १५८० च्या दशकात बादशहाने महाभारताचा फारसी अनुवाद करवून घेतला, तोच 'रज्मनामा'. अनुवादकांत अब्दुल कादिर बदायुनी हा कडवा सुन्नी विद्वान होता. त्याला हे काम मनापासून नकोसे होते. पुढे रामायणाचा अनुवादही त्याच्याच गळ्यात पडला. तो पुरा केल्यावर बादशहाने प्रस्तावना लिहायला सांगितली, ती त्याने टाळली. गुप्तपणे लिहिलेल्या आपल्या इतिहासात त्याने या कामाबद्दल ईश्वराची क्षमा भाकली आणि आधाराला हेच सूत्र घेतले : कुफ्राची नक्कल कुफ्र नव्हे.

गोष्टीची दुसरी बाजू आणखी मजेची आहे. महाभारतातल्या एका वाक्यावरून अकबराला संशय आला की बदायुनीने कयामतच्या दिवसाची इस्लामी कल्पना हळूच घुसडली आहे. प्रत्येक कर्माचे फळ मिळते, असा त्या वाक्याचा आशय होता. बादशहा रागावला. बदायुनीने काय सांगावे? आपण काहीच घातलेले नाही. पंडितांनी जे सांगितले तेच उतरवले. म्हणजे ईश्वरापुढे आणि बादशहापुढे, दोन उलट आरोपांना, त्याचा बचाव एकच होता : मी केवळ नक्कलकार आहे. नाखुशीने काम करणाऱ्या माणसालाही आपल्या नकलेचा प्रामाणिकपणा शाबूत ठेवावा लागला, ही बाब इतिहासकारांनी बदायुनीला नुसता 'धर्मांध' म्हणून मोडीत काढण्यापूर्वी ध्यानात घ्यायला हवी.

त्याच सुमारास दख्खनेत मात्र अगदी वेगळे दृश्य होते. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) स्वतः दख्खनीत गीते रचत होता आणि 'किताब-ए-नौरस' या त्याच्या संग्रहात सरस्वती व गणपती यांची स्तवने आहेत. इथे अनुवादकाचा बचाव चालत नाही. हे शब्द त्याचे स्वतःचे आहेत. संगीताच्या आरंभी विद्येच्या देवतेला वंदन ही कलेची रीत म्हणून त्याने स्वीकारली, असे म्हणता येईल. शास्त्राला 'कलेची रीत' हे समर्थन पुरेसे वाटेल का, हा निराळा प्रश्न. सुलतानाला तो विचारण्याची हिंमत थोड्यांचीच असणार.

सुलतानाला जे परवडले ते सामान्य शाहिरालाही करावे लागे, आणि त्यासाठी पुन्हा दौंडच्या आसमंतात यावे लागेल. दौंडच्या नैर्ऋत्येला जेजुरी. उत्तर पेशवाईतला गाजलेला शाहीर सगनभाऊ तिथला. जन्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. लावणीत होनाजी बाळाच्या तोडीस तोड. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या आवाहनाने होतो. मग गौळण, त्यात कृष्ण आणि पेंद्या. फडावर उभा राहणारा कोणत्याही घरात जन्मलेला असो, ही रीत त्याला चुकत नसे. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याच्या कलाकेंद्रांनी आजही ज्या लोककलेचा धागा धरून ठेवला आहे, तिच्या घडणीत मुसलमान शाहिरांचा आणि वादकांचा वाटा आहे. त्यांनी गण म्हटला तेव्हा ती पूजा होती, की खेळाचा पहिला अंक?

दौंडहून भीमा ओलांडली की पूर्वीचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर जिल्हा लागतो आणि श्रीगोंदे येते. इथल्या शेख महंमदांचे नाव या चर्चेत हटकून घेतले जाते, पण ते घेताना सावध असावे. कादिरी सूफी परंपरेतले चांद बोधले त्यांचे गुरू. 'योगसंग्राम' हा त्यांचा मराठी ग्रंथ १६४५ चा. ते विठ्ठलभक्तीच्या भाषेत बोलतात, आणि त्याच वेळी दगडाच्या देवांवर, नवसांवर, बळींवर आसूड ओढतात. त्यांनी कोणाच्याही पूजेची नक्कल केली नाही. त्यांना जे म्हणायचे होते ते त्यांनी श्रद्धेने म्हटले. म्हणून शेख महंमदांचे उदाहरण देऊन फत्तेलालांचा प्रश्न सुटत नाही. एक संत, दुसरा कलावंत. एकाने अनुभव सांगितला, दुसऱ्याने दुसऱ्याचा अनुभव दाखवला. शास्त्राच्या तराजूत ही दोन वेगळी वजने आहेत.

आता दुसऱ्या अर्थाची नक्कल. तिच्यापुढे शास्त्राने तीन अडथळे उभे केले.

एक म्हणजे 'तशब्बुह', अनुकरण. जो एखाद्या समाजाचे अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच होतो, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. ती कपड्यांपासून सणांपर्यंत सर्वत्र लावली गेली. दुसरा अडथळा थट्टेचा. कुराणाच्या नवव्या सूरेत (आयत ६५ व ६६) 'आम्ही तर केवळ गंमत करत होतो' असे म्हणणाऱ्यांची सबब नाकारली आहे. त्यावरून हनफी शास्त्र्यांनी नियम बांधला की कुफ्राचे शब्द चेष्टेने उच्चारले तरी माफी नाही. जबरदस्तीने बोलावे लागले तर मात्र दोष नाही, कारण सोळाव्या सूरेच्या १०६ व्या आयतीत मन ईमानवर स्थिर असलेल्याला सूट आहे. छळाखाली नकाराचे शब्द काढाव्या लागलेल्या अम्मार बिन यासिर यांच्याशी ही आयत जोडली जाते.

तिसरा अडथळा कृतीचा, आणि नटाच्या दृष्टीने हाच खरा. मूर्तीपुढे आपखुशीने केलेला सजदा, साष्टांग नमन, याला मध्ययुगीन मुतकल्लिमांनी, म्हणजे धर्मतत्त्ववेत्त्यांनी, नकाराची 'खूण' मानले. खूण हा शब्द महत्त्वाचा आहे. कुफ्र मनात असतो; बाहेरच्यांना दिसते ती खूण. मग रंगमंचावर, जिथे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे की हा माणूस दुसऱ्याचे सोंग घेऊन उभा आहे, तिथे ती खूण खूण राहते का? 'कर्मांची किंमत हेतूवर' ही बुखारीच्या संग्रहातली पहिलीच हदीस इथे नटाच्या बाजूने उभी करता येते. पण बहुसंख्य परंपरावादी मुफ्ती ती इतकी ताणायला तयार नसतात. संवाद म्हणजे उद्धरण, ते पहिल्या नकलेत बसवता येईल. सजद्याचे उद्धरण कसे होणार? देह वाकला तो वाकलाच.

नटाची आणि थट्टेखोराची सबब एकच आहे काय? नीट पाहिले तर नाही. थट्टेखोर स्वतःच्या नावाने बोलतो आणि जबाबदारी झटकतो. नट मुळातच स्वतःच्या नावाने बोलत नाही. शास्त्राचे नियम घडले तेव्हा अरब समाजात नाटक ही रुळलेली संस्था नव्हती. म्हणून नटाला कधी थट्टेखोराच्या, कधी अनुकरण करणाऱ्याच्या कोठडीत बसवले गेले. त्याची स्वतःची कोठडी बांधली गेलीच नाही. विसाव्या शतकातला गोंधळ पुष्कळसा यातून आला आहे.

या गोंधळाचे उत्तम उदाहरण म्हणजे मुस्तफा अक्कादचा १९७६ चा 'द मेसेज', अरबीत 'अर-रिसाला'. विषय पैगंबरांचे जीवन. त्यावरून मोठे वादळ उठले, पण कशावरून? पैगंबर आणि त्यांचे निकटवर्ती दाखवावेत की नाही, यावरून. पैगंबर पडद्यावर दिसतच नाहीत तरीही. मक्केच्या मूर्ती आणि त्यांचे पूजक चित्रपटात उघड आहेत. वादाचे मुख्य कारण मात्र ते नव्हते. कारण उघड आहे : कथेच्या शेवटी त्या मूर्ती भंगतात. पूजा दाखवली ती तिचे खंडन दाखवण्यासाठी, म्हणून ती कुराणातल्या कथनासारखीच झाली.

'संत तुकाराम'ला हा आडोसा मिळत नाही. तिथे मूर्ती भंगत नाही. आजारी मुलाचे खापर विठ्ठलावर फोडून, हाती वहाण घेऊन देवळाकडे धावणारी जिजाई आहे खरी, आणि मराठी पडद्यावरचा तो सर्वांत जिवंत संताप असावा. पण कथा अखेर भक्तीच्याच बाजूने कौल देते. तुकोबा सदेह वैकुंठाला जातात. फत्तेलालांची वकिली करताना हे झाकू नये. 'द मेसेज'चे माप लावले तर ते हरतात.

मात्र त्यांच्या कामाला लावायचे माप कदाचित निराळेच असेल. फत्तेलाल पडद्यावर विठ्ठलापुढे वाकले नाहीत. ते कारागीर होते. देऊळ उभारणारे, प्रकाश योजणारे, दृश्य रचणारे. आणि परधर्मीयांसाठी काम करणाऱ्या मुसलमान कारागिराबद्दल हनफी फिक्हमध्ये एक आश्चर्यकारक तरतूद आहे. ख्रिस्ती किंवा ज्यू माणसाने मुसलमानाला चर्च वा सिनेगॉग बांधण्यासाठी मजुरीने लावले, तर तो करार वैध आहे आणि ती मजुरी त्याला हलाल आहे. हे वाक्य 'फतावा-ए-आलमगिरी'त आहे. होय, औरंगजेबाच्या आज्ञेने सिद्ध झालेला तोच संग्रह. तर्क असा की भिंत रचण्याच्या कामात स्वतःत पाप नाही. आत पुढे जे होईल ते करणाऱ्याच्या माथी. प्रतिमा घडवण्याच्या मजुरीबाबत मात्र हेच शास्त्री कडक आहेत, म्हणून फत्तेलालांचे देऊळ या नियमात बसेल आणि देवळातली मूर्ती बसणार नाही, अशी विचित्र विभागणी होते. चित्रीकरणासाठी केलेल्या, कोणी पूजा न करणाऱ्या मूर्तीला 'मूर्ती' म्हणावे का, हा पुढचा प्रश्न. तो आयेशांच्या बाहुल्यांच्या जवळ जाऊन पोचतो.

उरला प्रेक्षक. त्याच्याविषयी शास्त्र काय म्हणते? पंचविसाव्या सूरेच्या ७२ व्या आयतीत ईश्वराच्या भक्तांचे एक लक्षण सांगितले आहे : ते 'झूर'ला हजर राहत नाहीत. झूर म्हणजे असत्य. पण आरंभीच्या काही भाष्यकारांनी तिचा अर्थ 'मूर्तिपूजकांचे उत्सव' असा लावला, आणि पाहणे हेच सहभागी होणे ठरले. याच्या समोर दुसरी हदीस ठेवावी लागते : हबशी लोक मशिदीत भाल्यांचा खेळ करत होते आणि पैगंबरांनी आयेशांना तो मनसोक्त पाहू दिला. तो खेळ पूजेचा नव्हता हे खरे. तरीही तमाशा पाहणे स्वतःत पाप नाही, एवढे त्यातून निघते. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हलाल-हराम विषयक ग्रंथात यूसुफ अल-करदावी यांनी सिनेमाला अटींवर परवानगी दिली : आशय श्रद्धेविरुद्ध आणि नीतीविरुद्ध नसावा, नमाज बुडू नये, इत्यादी. पहिली अट वाचली की 'संत तुकाराम'चे तिकीट काढावे की नाही, याचे उत्तर पुन्हा प्रेक्षकाच्याच गळ्यात येते. माहितीसाठी पाहणे आणि मन लावून पाहणे यांतली रेघ थिएटरच्या अंधारात कोण आखणार?

शास्त्र्यांची भीती निराधार नव्हती, याची साक्ष मराठी सिनेमाच्या जन्मकथेतच आहे. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त सरकत असता त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. एका हिंदू प्रेक्षकाने परधर्माचे दैवत पाहिले आणि त्याला आपले दैवत आठवले. हिंदी चित्रसृष्टीचा उगम हा असा आहे. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक जोडे काढून हात जोडत, असे त्या काळचे लोक सांगत. तो राम आणि तीच सीता अण्णा साळुंके या एकाच नटाने साकारली होती, याने कोणाचे काही अडले नाही. म्हणजे पडदा हा पडदा राहिला नाही, देव्हारा झाला. पूजेचे चित्र आणि पूजेची वस्तू यांतले अंतर पुसले जाते, हे आयेशांच्या पडद्यापासून चालत आलेले भय इथे डोळ्यांदेखत खरे ठरले. फरक इतकाच की हात जोडणाऱ्यांना त्यात भिण्यासारखे काही वाटले नाही.

मुंबईच्या चित्रसृष्टीने पुढे या प्रश्नाचे उत्तर वादाने दिलेच नाही, कामाने दिले. 'बैजू बावरा' (१९५२) मधले मालकंसातले प्रसिद्ध भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी बांधले, महंमद रफींनी गायिले. प्रभातच्याच 'पडोसी'मध्ये (१९४१) मजहर खान यांनी हिंदू ठाकूर रंगवला आणि गजानन जागीरदारांनी मुसलमान मिर्झा. आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झाले तेव्हा त्याचे संवाद राही मासूम रझा यांचे होते. चारशे वर्षांपूर्वी बदायुनीने जो ग्रंथ नाइलाजाने उतरवला, तोच गाझीपूरकडच्या दुसऱ्या मुसलमान लेखकाने आपणहून, मुंबईत बसून, घराघरांत नेला. बदायुनीला 'नक्कल' या शब्दाचा आसरा हवा होता. रझांना त्याची गरज भासली असेल, असे त्या संवादांवरून तरी वाटत नाही.

दामले १९४५ साली गेले, फत्तेलाल १९६४ साली. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 'संत तुकाराम'मध्ये एक गीत आहे, एका बीजातून वृक्ष झाल्याच्या आशयाचे. ते तुकोबांचे नाही. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी तुकोबांच्या धाटणीत लिहिले. आठवल्यांची ही नक्कल इतकी हुबेहूब उतरली की जाणकारांनीही ते गीत गाथ्यात शोधले. आजही पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो.